शनिवारी सून नदीवर जाते

मैत्रिणींनो, या पानावर आजवर कुकरच्या शिट्टीपासून नणंदेच्या लग्नापर्यंत सगळं बोलून झालं, पण मासे गरवण्याबद्दल कुणी विचारलं नव्हतं. या आठवड्यात तेही झालं. सांगलीच्या एका भगिनीचं चार पानी पत्र आलं आहे. नाव छापू नका असं त्यांनी बजावलंय, तेव्हा आपण त्यांना नुसतं ताई म्हणू.

ताईंचा मुलगा अमेरिकेत टेक्सास राज्यातल्या सॅन अँटोनियो शहरात नोकरीला आहे. सून माहेरची मालवणकडची. दीड वर्षापूर्वी तिच्या स्तनाच्या कर्करोगाचं ऑपरेशन झालं, काखेतल्या गाठीही काढाव्या लागल्या. पुढचे सगळे उपचार झाले आणि आता ती बरी आहे. ताई तेव्हा गुडघ्याच्या दुखण्यानं जाऊ शकल्या नाहीत, ते शल्य पत्रात पानोपानी दिसतं. आता नोव्हेंबरात त्या तिकडे निघाल्या आहेत, पाच महिन्यांसाठी. आणि परवा मुलानं फोनवर सहज सांगितलं की, हिवाळा लागला की ही दर शनिवारी पहाटे उठते, छातीपर्यंत येणारी रबरी विजार घालते, तास-दीड तास मोटार हाकते आणि नदीत कमरेएवढ्या पाण्यात उभी राहून मासे पकडते. पकडते आणि सोडून देते! 'तू आल्यावर तिला काही बोलू नकोस,' असंही तो म्हणाला.

ताई विचारतात, ऑपरेशन झालेल्या हाताला हे झेपेल का? ज्या नदीला २०२५ च्या जुलैत पूर आला नि एवढ्या पोरी वाहून गेल्या, तीच ना ही? मुक्या जिवाला गळ टोचायचा आणि वर सोडून द्यायचं, हे पाप नव्हे का? आणि आमच्या घरात मासळी शिजत नाही, तर मी तिथे जाऊन काय करायचं?

प्रश्न चार आणि चारही खरे. कुठलाच हसण्यावारी नेण्यासारखा नाही. पण आधी ती नदी समजून घेऊ, म्हणजे निम्मी काळजी तिथेच मिटेल. उरलेली निम्मी मात्र करायलाच हवी.

नदीचं नाव ग्वाडलूप. स्पॅनिश लोकांनी मेरीमातेच्या एका रूपावरून ठेवलेलं. टेक्सासच्या डोंगराळ भागात उगम पावते नि समुद्राला मिळते. हा मुलूख उष्ण, बरं का. उन्हाळ्यात पारा अडतीस-चाळीसला सहज टेकतो, आपल्या सांगली-सोलापूरसारखाच. आणि सुनबाई ज्याच्या मागे आहे तो ट्राउट मासा मात्र पक्का थंड हवेचा. त्याला बारा ते सोळा अंश सेल्सिअस पाणी मानवतं. वीसच्या वर गेलं की त्याचा जीव कासावीस होतो, पंचवीसच्या आसपास तो मरायलाच टेकतो. कारण सोपं आहे. पाणी जितकं कोमट, तितका त्यात प्राणवायू कमी विरघळतो, आणि ट्राउटला तो भरपूर लागतो.

मग अशा गरम मुलखात तो आला कुठून? तर आणून सोडला. या नदीवर कॅनियन नावाचं मातीचं धरण आहे, १९६४ साली पाणी अडवलं. आपलं कोयना त्याच सुमाराचं. धरणाच्या जलाशयात वरचं पाणी तापतं, पण खोल तळाचं पाणी गारच राहतं. माठाच्या बुडाचं पाणी गार लागतं ना, त्यातला प्रकार समजा. आणि या धरणाचं पाणी सोडलं जातं ते तळातून. त्यामुळे धरणाखाली काही मैल नदी बारा महिने थंडगार वाहते. ही गंमत तिकडच्या लोकांच्या लवकरच ध्यानात आली आणि १९६० च्या दशकातच तिथे ट्राउट आणून सोडले गेले. तेव्हापासून दर हिवाळ्यात राज्याचं मत्स्य खातं, आणि 'ट्राउट अनलिमिटेड' या संस्थेची तिथली शाखा, टँकरमधून मासे आणून सोडतात. अमेरिकेतल्या अगदी दक्षिणेकडच्या ट्राउट नद्यांत हिची गणना होते.

यात आपण नवल करावं असं काही नाही. आपल्याकडे हेच इंग्रजांनी केलं. निलगिरीत, काश्मिरात, कुलूच्या खोऱ्यात आज जो ट्राउट आहे तो त्यांनी बोटीनं अंडी आणून वाढवलेला. काश्मीरसाठी १८९९ साली पाठवलेली अंडी वाटेत मेली, १९०० साली पुन्हा आणली ती जगली. फरक एवढाच की, तिथे थंड पाणी निसर्गानं दिलेलं आणि टेक्सासमध्ये ते धरणानं. म्हणून कुलूचा ट्राउट पिढ्यान् पिढ्या तिथलाच झाला आणि ग्वाडलूपचा मात्र दरसाल नव्यानं पाहुणा येतो. तिथे त्याची वीण म्हणावी तशी धरत नाही.

आता ताई, पुराचं. जुलै २०२५ चा तो भयंकर पूर याच नदीला आला, हे खरं. शंभराहून अधिक माणसं गेली. मुलींच्या एका उन्हाळी शिबिरातल्याच सत्तावीस जणी. ती बातमी वाचून ज्या आईला झोप लागली असेल ती विरळा. पण तो पूर आला धरणाच्या वरच्या अंगाला, केर काउंटीत, मध्यरात्रीनंतर, कडक उन्हाळ्यात. तुमची सून उतरते ती धरणाच्या खालच्या अंगाला, हिवाळ्यात, दिवसाउजेडी. वरून आलेलं ते पाणी धरणानं पोटात घेतलं. उलट २०२२ पासूनच्या दुष्काळात ते तळं कधी नव्हे इतकं आटलं होतं, त्याला त्या पुरानंच थोडं पाणी आलं. दैवाची तऱ्हा पाहा!

म्हणून निर्धास्त राहा असं मात्र मी म्हणणार नाही. धरणाच्या खालीही आजूबाजूचे ओढे फुगून पूर येतो. १९९८ च्या ऑक्टोबरात तसा आला होता. आणि २००२ च्या जुलैत तर इतका पाऊस झाला की तळं सांडव्यावरून वाहिलं, धरण झाल्यापासून पहिल्यांदाच. त्या लोंढ्यानं सांडव्याखालची माती खरवडून एक खोल घळच तयार केली. खालचा अकरा कोटी वर्षांपूर्वीचा चुनखडक उघडा पडला. आता लोक ती घळ बघायला तिकीट काढून जातात. पाणी काय करू शकतं, हे सांगलीच्या बाईला मी काय सांगू? २०१९ चा ऑगस्ट तुम्ही पाहिलेला आहे.

आणि म्हणूनच एक गोष्ट तुम्हाला जितकी चटकन कळेल तितकी मुंबईच्या बाईला कळणार नाही. कोयनेतून किती क्युसेक सोडले, आयर्विन पुलाशी पातळी किती, हे पावसाळ्यात तुम्ही रोज सकाळी बघत असाल. अगदी तीच गोष्ट सुनेनं करायची आहे. धरणातून किती क्युसेक सुटतंय हा आकडा तिथे कुणालाही फोनवर दिसतो. शंभर-दोनशे असला तर नदी गुडघ्या-मांडीइतकी. तीनशे-चारशेच्या वर गेला की नवख्या माणसानं पात्रात उतरू नये, काठावरून काय ते करावं. कोयनेच्या हजारो क्युसेकपुढे हे आकडे चिल्लर वाटतील. पण तिथलं पात्र अरुंद आहे आणि तळाचा खडक शेवाळानं साबणासारखा गुळगुळीत. तुम्ही तिथे गेल्यावर शुक्रवारी रात्री जेवताना सहज विचारा, 'उद्या किती क्युसेक गं?' पोरीचा चेहरा बघण्यासारखा होईल.

त्या रबरी विजारीबद्दल तुम्ही जरा नाक मुरडलंय. तिला वेडर्स म्हणतात. आपल्याकडे भातलावणीत बायका गुडघाभर चिखलात दिवस काढतात, ते पाणी कोमट असतं म्हणून. हे पाणी बर्फाचं नसलं तरी तासभर उभं राहिलं की हाडात शिरतं. विजार आतून कोरडी ठेवते. पण तिच्यात एक धोका आहे आणि तो सुनेला माहीत आहे ना, याची खात्री करा. बाई पाय घसरून पडली आणि वरून पाणी आत शिरलं, तर विजार घागरीसारखी भरते नि उठणं मुश्कील होतं. म्हणून कमरेला पट्टा घट्ट आवळायचा, कधीही विसरायचा नाही. हातात काठी हवी, पाय टाकायच्या आधी तळ चाचपायला. आणि एकटीनं जायचं नाही. जोडीला मैत्रीण हवी, नाहीतर नवरा काठावर पेपर वाचत बसलेला हवा. या तीन गोष्टींवर तुम्ही सासूपणा केलात तरी चालेल. मी तुमच्या बाजूनं आहे.

आता हाताकडे येते, कारण खरी काळजी ती आहे.

काखेतल्या गाठी काढल्या की त्या बाजूच्या हाताला कधीकधी सूज येते. कुणाला लगेच येते, कुणाला दोन-चार वर्षांनी, पुष्कळजणींना कधीच येत नाही. पूर्वी डॉक्टर सरसकट सांगायचे, त्या हातानं जड उचलू नका, जपून ठेवा. बायका इतक्या जपायच्या की खांदा आखडून जायचा, वेणी घालता यायची नाही, ब्लाउजचे हूक लावता यायचे नाहीत. २००९ साली अमेरिकेत एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांच्या हाताला आधीच सूज होती अशा बायकांनी देखरेखीखाली, हळूहळू वाढवत वजनं उचलली, तरी सूज वाढली नाही. उलट त्रास कमी झाला आणि ताकद आली. तेव्हापासून सल्ला बदलला. हात वापरा, पण बेतानं, पायरीपायरीनं आणि डॉक्टरांना विचारून.

सून करते ती गोष्ट साध्या गळासारखी नाही. मालवणला गरी टाकतात तेव्हा शिशाच्या वजनानं दोरी लांब जाते. इथे गळाला वजनच नसतं. त्यावर पिसं, लोकर, रेशीम गुंडाळून केलेली एक खोटी माशी असते, नखाएवढी, कधी तांदळाच्या दाण्याएवढी. ती फेकणार कशी? तर दोरीच जाड आणि जड असते. ती हलक्या, लवचीक काठीनं मागे न्यायची, हवेत पूर्ण उलगडू द्यायची, क्षणभर थांबायचं नि पुढे सोडायची. जोर लावला की सगळा गुंता होतो. सूप पाखडताना मनगट आणि कोपर जसं एका लयीत चालतं, तशातला हा प्रकार आहे. ताकदीच्या पुरुषांना हे लवकर जमत नाही, बायकांना जमतं, असं तिकडे शिकवणारेच सांगतात. मला त्याचं नवल वाटलं नाही.

आणि ऐका, ही कुण्या एकीच्या डोक्यातली टूम नाही. १९९६ साली अमेरिकेच्या व्हरमाँट राज्यात 'कास्टिंग फॉर रिकव्हरी' नावाची संस्था निघाली. स्तनाचा कर्करोग झालेल्या बायकांना दोन-अडीच दिवस नदीकाठी नेऊन हे शिकवतात, तेही विनामूल्य. ती काठी मागे-पुढे करणं हे ऑपरेशननंतर हाताला जे व्यायाम सांगतात त्यांच्याशी मिळतंजुळतं आहे, हा त्यामागचा विचार. टेक्सासातही त्यांची शिबिरं भरतात. पण मला विचाराल तर हाताचा व्यायाम हा त्यातला लहान भाग. मोठा भाग असा की, जिला सहा-आठ महिने सगळे 'पेशंट' म्हणून बघतात, जिच्या देहाची चर्चा तिच्यासमोर नि तिच्यामागे होते, तिला असं एक ठिकाण मिळतं जिथे तिच्याकडे कुणी बघत नाही आणि तिची नजर पाण्यावर असते. तुमचा मुलगा 'तिला काही बोलू नकोस' म्हणाला त्यात तुमच्याबद्दल राग नाही हो. त्यानं तिला मागच्या वर्षी पाहिलंय आणि आता पाहतोय, एवढंच.

जपायचं ते असं. पहिल्या दिवशी अर्धा तास पुरे, दुसऱ्या दिवशी हात कसा आहे ते बघून पुढचं. काठी दुसऱ्या हातानं टाकायला शिकली तर उत्तमच. त्या हाताला कापणं, भाजणं, उन्हानं करपणं, डास चावणं यांपासून जपायचं, म्हणून पूर्ण बाह्यांचा सदरा आणि हातमोजे. गळ टोचलाच तर लगेच साबणानं धुऊन औषध लावायचं. हात लाल झाला, तापला, अंगात ताप भरला तर उद्या बघू म्हणायचं नाही, त्याच दिवशी डॉक्टर. नदीवर कुठल्याही कारणानं जात असो, हे तिच्या पाकिटात लिहून ठेवलेलं बरं.

गेल्या काही वर्षांत माझी एक भाची त्याच भागात राहायला गेली. तिच्याकडे मी जानेवारीत होते, तेव्हा या नदीकाठी अर्धा दिवस काढला आहे. काठावर सायप्रसची जुनी झाडं, त्यांच्या मुळ्या थेट पाण्यात, पानं सगळी गळलेली. पाणी हिरवट, तळ दिसणारं. चार-पाच माणसं एकमेकांपासून शंभर-शंभर पावलांवर उभी आणि कुणी कुणाशी बोलत नव्हतं. मध्येच एका साठीच्या बाईची काठी वाकली. दोन मिनिटांनी तिनं जाळी पाण्यातच धरली, वाकून काहीतरी केलं आणि मासा गेला. मला दिसली ती नुसती एक गुलाबी रेघ. त्या माशाच्या अंगावर तशी रेघ असते, म्हणून त्याला रेनबो म्हणतात. मी भाचीला म्हटलं, 'झालं? एवढ्यासाठी?' ती म्हणाली, 'मावशी, तू देवळात गेल्यावर देव घरी घेऊन येतेस का?' या हल्लीच्या पोरींना उत्तरं फार सुचतात.

पण म्हणून पापाचा प्रश्न मी टाळणार नाही. माशाला लागतं का? लागतं. २००३ साली ब्रिटनमधल्या संशोधकांनी ट्राउटच्या तोंडाजवळ इजा जाणणारे मज्जातंतू आहेत हे दाखवलं. त्याचा अर्थ माणसासारखं दुःख होतं का, यावर विद्वान अजून भांडताहेत. मला त्या भांडणात पडायचं नाही. मासा आपल्याशी खेळायला येत नाही, जीव वाचवायला धडपडतो, एवढं मान्य करूनच पुढे बोललं पाहिजे. 'सोडून देतो ना, मग झालं' एवढं म्हणून भागत नाही. निष्काळजीपणे सोडलेला मासा दहा हात पुढे जाऊन मरतो.

म्हणून सोडायचीही रीत आहे. गळाचं उलटं टोक, ज्यामुळे तो अडकून बसतो, ते आधीच पकडीनं दाबून सपाट करायचं, म्हणजे गळ सहज निघतो. हात ओले केल्याशिवाय माशाला शिवायचं नाही, कारण त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर हेच त्याचं कवच असतं. मासा शक्यतो पाण्यातच ठेवायचा; फोटोसाठी मिनिटभर हवेत धरणं म्हणजे धावून दमलेल्या माणसाचं नाक दाबणं. आणि पाणी वीस अंशांच्या वर गेलं असेल तर गरवायचंच नाही, घरी यायचं. चांगले लोक खिशात तापमापक ठेवतात. सुनेकडे नसेल तर हीच भेट न्या. साडीपेक्षा उपयोगी पडेल.

यात आणखी एक मेख आहे, ती मला फार विचार करायला लावते. त्याच हिवाळ्यात टेक्सासचं मत्स्य खातं शहराशहरांतल्या बागांतल्या तळ्यांतही ट्राउट सोडतं. मुलांनी, म्हाताऱ्यांनी, मोटार नसलेल्यांनीही गरवावं म्हणून. पण त्या तळ्यांना धरणाचं गार पाणी नाही. उन्हाळा लागला की तिथला एकूण एक ट्राउट मरणार, हे सोडतानाच माहीत असतं. म्हणजे तळ्यातला मासा सोडून देणं यात पुण्य काही नाही, तो खाल्ला तरच सार्थकी. नेमानुसार माणशी दिवसाला पाच नेता येतात. आणि धरणाखालच्या नदीतला मासा मात्र उन्हाळा निभावू शकतो, दोन-दोन वर्षं जगून हातभर मोठा होतो. तिथे एका टप्प्यात अठरा इंचांहून लहान मासा ठेवायलाच मनाई आहे आणि मोठा मिळाला तरी दिवसाला एकच. एकाच जातीचा मासा, एकाच राज्यात. एका पाण्यात त्याला मारणं शहाणपणाचं, दुसऱ्या पाण्यात सोडणं शहाणपणाचं. आपण मात्र घरी बसून एकदम पाप-पुण्याचा निकाल लावतो.

नदीतल्या माशाचं उन्हाळ्यात जगणं तरी कुणाच्या हातात? पाणी सोडणाऱ्यांच्या. उन्हाळ्यात पुरेसं गार पाणी सुटलं तर तो जगतो. दुष्काळात तळं आटलं नि विसर्ग साठ-सत्तर क्युसेकवर आला की धरणापासून थोडं दूर गेलं तरी पाणी तापतं. त्या पाण्यावर शेतकऱ्याचा हक्क आहे, वाढत्या शहरांचा आहे, उन्हाळ्यात टायरच्या ट्यूबवर बसून नदीत तरंगणाऱ्या हजारो हौशी लोकांचा आहे, आणि सगळ्यात शेवटी माशाचा. तिथल्या ट्राउटवाल्यांनी धरणवाल्यांशी भांडून-बोलून उन्हाळ्यातल्या विसर्गाचा करार करून घेतला, तळ्यात पुरेसं पाणी असेल तोवर पाळायचा. आपल्याकडे धरणाखाली माशांसाठी किती पाणी सोडायचं असा प्रश्न कुणी विचारला तर लोक हसतील. पण आपल्याकडेही या बाबतीत काही अगदीच अंधार नाही हं. लोणावळ्याला वळवणच्या तळ्याकाठी टाटांच्या वीज कंपनीनं १९७० च्या दशकापासून महासीर माशाची पैदास चालवली आहे. आणि महाडजवळ वाळणकोंडीत तर देवीचे मासे म्हणून महासीरला कुणी हात लावत नाही, बायका त्यांना कुरमुरे घालतात. आपला महासीर कोमट पाण्यातला, तो उन्हाळ्याला भीत नाही. धरणं, वाळूउपसा आणि सुरुंग लावून मासे मारणं यांना मात्र त्याच्याकडे उत्तर नाही.

आता घरातलं. मासळी घरात शिजत नाही हे तुमच्या सांगलीच्या घरात. तिथलं घर तिचं आहे. ती मालवणची पोर लग्न होऊन तुमच्याकडे आली, आणि तुमच्या देखत तिनं बोंबलाचं नाव काढलं नाही असं तुम्हीच लिहिलंय. मग आता तिच्या चुलीवर एखाद्या रविवारी तळ्यातला ट्राउट आला तर तुम्ही तुमचा तवा, तुमचं पातेलं वेगळं ठेवा आणि खुशाल पिठलं-भाकरी करा. खिडकी उघडी ठेवली, मासा शिजल्यावर त्याच तव्यात लिंबाच्या साली घालून पाणी उकळलं की वास जातो. बाकीच्या मैत्रिणींसाठी, ज्यांच्याकडे चालतं, कृती सांगून टाकते. ट्राउटचे खवले इतके बारीक असतात की खरवडायची कटकट नाही. पोट साफ करून, आतली पाठीच्या कण्यालगतची काळी रेघ नखानं काढून स्वच्छ धुवायचा. दोन्ही बाजूंनी तिरक्या चिरा, त्यात मीठ, हळद, तिखट, वाटलेली आलं-लसूण आणि कोकमाचं आगळ. अर्धा तास मुरू द्या. तांदळाचं पीठ नि बारीक रवा निम्मे-निम्मे, त्यात घोळवून मध्यम आचेवर, एका बाजूला चार मिनिटं, मग उलटा. सारखा हलवू नका, मांस नाजूक असतं, तुटतं. रस्सा करायच्या फंदात पडू नका. नारळाच्या वाटणात हा मासा हरवतो, त्याला बांगड्याचा ठसका नाही. कोकम तिकडच्या देशी दुकानांत मिळतं, इथून ओझं नेऊ नका.

नदीवरून आल्यावर ती विजार घराच्या पडवीत ओलीच पडली असेल, तर ते काम तुम्ही अंगावर घ्या. साध्या पाण्यानं धुवायची, आधी आतून उलटी करून सावलीत वाळवायची, मग सरळ करून बाहेरून. कडक उन्हात नाही, कपडे वाळवायच्या यंत्रात तर मुळीच नाही. ओली घडी घातली की बुरशी येते नि शिवणी सुटतात. आत घालायला लोकरीचे मोजे हवेत, सुती नकोत, सुती भिजले की गारठतात. तुम्हाला विणता येतं असं पत्रात एका ओळीत आलंय. लोकर जाड घ्या, टाच दुहेरी विणा.

आणि ताई, एकदा तिच्याबरोबर जा. गुडघ्याला पट्टा बांधा, घडीची खुर्ची न्या, थर्मासभर चहा न्या. तिथे नदीचा काठ बहुतेक ठिकाणी खासगी असतो, पात्र तेवढं सगळ्यांचं, म्हणून जिथे बसायला रीतसर परवानगी आहे तीच जागा सुनेला निवडायला सांगा. तिला काही विचारू नका. ती पाण्यात असताना हाका मारू नका. दीड-दोन तासांनी ती स्वतःच बाहेर येईल, तेव्हा चहा गरम असला की झालं. ऑपरेशनच्या वेळी यायला जमलं नाही हे तुमच्या मनात आहे, ते तुम्ही तिला आजवर फोनवर सांगितलेलं नाही. काठावर सांगून बघा. समोरासमोर बसून जे बोलता येत नाही ते दोघी पाण्याकडे बघत असल्या की कधीकधी बोलता येतं.

गेल्या महिन्यात आलेल्या इतर पत्रांत लोणच्याला बुरशी येते अशी तक्रार करणारी पाच पत्रं आहेत. त्यांची उत्तरं पुढच्या अंकात. तोवर बरणी उन्हात ठेवा, पण झाकण लावून नव्हे, फडकं बांधून.